एकदाच गळलेलं यंत्र

बाबांचा शेवटचा रविवार यंत्र गळवण्यात गेला.

म्हणजे नेहमीसारखाच गेला. मार्चमधला पहिला रविवार होता. जयपुरात त्या दिवसांत ऊन अजून अंगावर घ्यावंसं वाटतं. नऊच्या सुमाराला देवरामकाका ई-रिक्षातून उतरले, एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात लसणाच्या चटणीचा डबा. बाबा मागच्या व्हरांड्यात यंत्राचं झाकण काढून आधीच तयार होते. मी पोहे केले. ते खाऊन झाल्यावर बशा, कढई, झारा, चहाचं पातेलं असं सगळं यंत्रात गेलं, बाबांनी बटण दाबलं, आणि दोन म्हातारे दोन स्टुलांवर बसून यंत्राच्या गळ्याकडे टक लावून बघू लागले. पाण्याचा थेंब बाहेर येतो का, ते.

चाळीस मिनिटं बघितलं. थेंब आला नाही.

"नाहीच गळत," बाबा म्हणाले. पोरगा पुन्हा नापास झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"नाही गळत, साहेब," काका म्हणाले. "पण त्या दिवशी गळलं होतं."

"त्या दिवशी माझं सील ढिलं पडलं होतं."

"सील नाय, साहेब. झाळ. माझी झाळ कच्ची होती."

"अरे, तू कच्ची झाळ मारलीयस का कधी आयुष्यात?"

"मारली ना. एकदा. त्याच दिवशी गळली."

इथून पुढचं मला पाठ होतं. आवाज चढत जायचे. काकांना कमी ऐकू येतं. त्रिपोलिया बाजारामागच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. पाच-सहा हातोडे दिवसभर तांब्या-पितळेवर पडत असतात. त्यामुळे बाबाही ओरडून बोलायचे. शेजारी नवीन राहायला आलेल्या माणसांना वाटायचं, इथे दर महिन्याला भावकीची वाटणी चालते.

हे यंत्र म्हणजे भांडी धुण्याचं यंत्र. बाजारातलं नव्हे, या दोघांनी नव्वद सालच्या आसपास स्वतः बनवलेलं. तांब्याचा मोठा ड्रम, आतून कल्हई केलेला, लांबून बघणाऱ्याला आंघोळीच्या पाण्याचा बंब वाटावा असा. त्याच्या वरच्या काठाला, म्हणजे गळ्याला, तांब्याची एक पट्टी आहे. ती काकांनी वितळलेलं कथील ओतून जोडली. त्या जोडाला झाळ म्हणतात. पट्टीच्या आत रबराचं सील आहे. ते बाबांनी स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून कापलं. झाळ आणि सील यांच्यात बोटभर अंतर. तेहतीस वर्षांपूर्वी एकदा, फक्त एकदा, तिथून पाणी बाहेर आलं. ते झाळेतून आलं की सिलाखालून, हे कुणालाच कळलं नाही, कारण त्यानंतर यंत्र पुन्हा कधी गळलंच नाही. म्हणून हे दोघे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गळवायचा प्रयत्न करत.

माणसं दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यासाठी भांडतात. हे दोघे तो स्वतःकडे ओढण्यासाठी भांडायचे. आणि मी मध्ये त्यांना चहा नेऊन द्यायचे.

यंत्र का गळलं हे मला माहीत होतं. ते मी गळवलं होतं.

त्या रविवारी काका निघाले तेव्हा बाबा फाटकापर्यंत गेले. पुढच्या वेळी पाणी आणखी गरम करू, असं त्यांचं ठरलं. दुपारी बाबांनी आमटी तिखट झाल्याची तक्रार केली आणि दोनदा घेतली. संध्याकाळी बागेला पाणी घातलं. सोमवारी सकाळी दूध आत आणून ठेवलं, वर्तमानपत्र उघडलं, आणि मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा ते खुर्चीतच गेले होते. चष्मा नाकावर होता. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. हे वाक्य ते सगळ्यांना म्हणत असतील, तरी मी ते ठेवून घेतलं.

*

बाबा, जयंत माटे, मूळचे कराडचे. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचे. आग लागलेली गोदामं, बुडालेले ट्रक, भिजलेला कापूस हे सगळं बघून किती गेलं आणि किती उरलं ते लिहायचं, हे त्यांचं काम. या कामामुळे त्यांना एक खोड लागली होती. मोडलेली वस्तू दिसली की ती पूर्ण मोडलेली आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसे.

आम्ही जयपूरला आलो त्याच वर्षी सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यातून परदेशी पाहुण्यांचं सामान हलवताना ट्रकमधून एक पांढरं कपाट पडलं. दावा बाबांकडे आला. त्यांनी अहवालात लिहिलं, भांडी धुण्याचे यंत्र, निकामी. पण निकामी माल घ्यायला कुणीच पुढे आलं नाही, तेव्हा तोच माल ते टेंपोत घालून घरी घेऊन आले.

महिन्याभरात त्यांनी ते चालू केलं. आईनं त्यात भांडी लावली. म्हणजे लावायचा प्रयत्न केला. ताटं त्यात उभी राहीनात. वाट्या फवाऱ्यानं उडून एकमेकींवर आपटत. बाहेरून ऐकलं तर आत कुणी टाळ कुटतंय असं वाटे. कढईला तर जागाच नव्हती. ज्यांनी ते बनवलं, त्यांच्या मते जेवण म्हणजे चपट्या बशांवरचा प्रकार होता.

पुढे मी कुठेतरी वाचलं, की असं पहिलं नीट चालणारं यंत्र एका अमेरिकन बाईंनी बनवून घेतलं. घरातले नोकर त्यांच्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडवत, म्हणून. त्यांनी आधी आपल्या बशांची मापं घेतली आणि मग त्या मापाचे तारेचे कप्पे केले. बाबांनी हे वाचलेलं नव्हतं, पण केलं अगदी हेच. एका सुट्टीच्या दिवशी आईची सगळी भांडी जमिनीवर मांडून मोजपट्टीनं मापली. मग ती मापं खिशात घालून कारागीर शोधायला चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात गेले.

तिथे त्यांना देवराम ठठेरा, म्हणजे तांबट, भेटले. त्या गल्लीत ताटं ठोकणारे पुष्कळ होते. जोडकाम करणारे थोडे. घागर, बंब, देवळाचा कळस, म्हणजे जिथे दोन पत्रे जोडायचे आणि आत पाणी राहिलं पाहिजे किंवा बाहेरचं पाणी आत येता कामा नये, असं काम देवरामकडे न्यायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांना मराठी येत नव्हतं आणि बाबांचं हिंदी त्यांना ऐकवत नव्हतं. दोन वर्षांत काकांनीच मराठी शिकून टाकलं. बाबांच्या कराडच्या शिव्यांसकट. साताऱ्याकडचं कुणी घरी आलं की बाबा काकांना त्यांच्यासमोर बोलायला लावत आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत बसत.

पांढऱ्या कपाटातली मोटर आणि पंप तेवढे घेतले. बाकी सगळं नवं. ताटांसाठी खाचा, वाट्यांसाठी तारेची गुंडाळी, कढईसाठी मध्ये एक आकडा. नळातून गरम पाणी सतत आत यायचं, भांडी धुऊन खालच्या नळीनं व्हरांड्याबाहेर जायचं. आईनं त्याला अगस्ती नाव दिलं, कारण ते बसल्या बसल्या समुद्र प्यायचं. आई प्रत्येक भांडं आधी नळाखाली घासून मगच यंत्रात ठेवायची. खरकटं आत घालायचं नाही म्हणजे नाही. बाबा म्हणायचे, अगं मग यंत्र कशाला? त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, पाहुण्यांकडे जाताना आपण आंघोळ करूनच जातो ना?

पण तिच्या मैत्रिणी बघायला यायच्या तेव्हा हीच आई बाजूला उभी राहून, पदर खोचून, यंत्राची माहिती द्यायची.

*

फरिदाबादचे एक कारखानदार नोव्हेंबरात यंत्र बघायला आले. स्थानिक वर्तमानपत्रात कुणीतरी चार ओळी छापल्या होत्या, त्या वाचून. त्याआधी पत्रं गेली-आली होती. यंत्र पसंत पडलं तर ते आपल्या कारखान्यात बनवायचं, बाबांनी तिथे येऊन ते काम बघायचं, देवरामनं कारागीर तयार करायचे, राहायला दोघांनाही क्वार्टर. बाबांनी राजीनाम्याचा कागद लिहून टेबलाच्या खणात ठेवला होता. आईनं माळ्यावरून ट्रंका खाली काढल्या होत्या.

मी तेरा वर्षांची होते. सोलापूर, रायपूर, भोपाळ आणि मग जयपूर. जयपूर ही माझी चौथी शाळा. आधीच्या तीन शाळांत मी मुलींची नावं पाठ होईपर्यंत बदली व्हायची. इथे पहिल्यांदा मला मैत्रीण मिळाली होती, रमा, कुंपणापलीकडची. आम्ही एका सायकलवर शाळेत जायचो. ट्रंका खाली आल्या त्या दिवशी मी घरात काही बोलले नाही. बोलून बदल्या थांबत नाहीत हे मला तोवर समजलं होतं.

त्या दिवशी पाहुण्यांच्या जेवणासाठी कणीक भिजवायचं काम माझ्याकडे होतं. सगळे पुढच्या खोलीत होते. यंत्र भांड्यांनी भरून मागच्या व्हरांड्यात तयार होतं. मी परात ओट्यावर ठेवली, कणकेचा एक गोळा घेतला, व्हरांड्याच्या कडेला जाऊन खालच्या नळीच्या तोंडात घातला आणि लाटण्याच्या टोकानं आत ढकलला. मग आणखी एक. मग येऊन हात धुतले आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

पाहुणे व्हरांड्यात येऊन खुर्चीवर बसले. बाबांनी बटण दाबलं. पाणी आत येत राहिलं, बाहेर जाईना, चढत चढत गळ्यापर्यंत आलं आणि पट्टीच्या खालून बाहेर पडायला लागलं. आधी थेंब, मग पदर सुटल्यासारखं. बाबांनी बटण बंद केलं तरी नळ चालूच होता. काकांनी डोक्याचा साफा काढून यंत्राच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. तेवढ्यात पाणी फरशीवरून पाहुण्यांच्या बुटांपर्यंत पोचलं. ते सभ्य गृहस्थ होते. पाय वर घेतले, चहा संपवला, जेवले, बघू म्हणाले आणि गेले. पत्र पुन्हा आलं नाही.

गरम पाण्यानं कणीक सैल होऊन केव्हाच वाहून गेली होती. बाबांनी नळी तपासली तेव्हा ती मोकळी होती. कडेला पांढरट काहीतरी चिकटलं होतं. ते भांड्यांतलं खरकटं, असं त्यांना वाटलं. आई रागावली, तिच्या भांड्यांत खरकटं असणं शक्यच नव्हतं.

राजीनामा खणातून निघून कचऱ्यात गेला. यंत्राचा दोष सापडेपर्यंत जयपूर सोडायचं नाही असं बाबांनी ठरवलं आणि त्यासाठी दोन बढत्या नाकारल्या. मी त्याच शाळेतून दहावी झाले, इथल्याच कॉलेजात शिकले, तिथल्याच लायब्ररीत नोकरीला लागले. रमा अजून माझी मैत्रीण आहे. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

काकांनी जोडकाम सोडलं.

ते मला पुष्कळ उशिरा समजलं. मी कॉलेजात असताना बाबांबरोबर एकदा त्यांच्या दुकानी गेले होते. कुणीतरी देवळाचा फुटलेला कळस घेऊन आलं होतं. काकांनी तो हातात घेऊन फिरवला, बोटानं फट चाचपली, आणि समोरच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "तिथे जा. माझी झाळ गळते." हे ते लाजून म्हणाले नाहीत. एखाद्यानं आपली जात सांगावी तसं सांगितलं. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी ताटं ठोकली. आता मुलगे स्टीलचं दुकान चालवतात.

बाबांनी दोष मागून घेतला तो हौसेनं. त्यांचा पगार चालू होता. काकांनी घेतला तो हातावर.

मी सांगणारच होते. दहावीची परीक्षा झाल्यावर, नोकरी लागल्यावर, आई गेली त्या वर्षी. मधल्या काळात मी स्वतःची एक समजूत करून घेतली होती, की तो पोरखेळ होता, नळीत कणीक गेली तर काय होतं ते बघायचं होतं. पण काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. पाणी कुठून येतं, कुठून जातं, हे बाबांनी मला कागदावर काढून शिकवलं होतं.

*

तेराव्याला देवरामकाका आले तेव्हा त्यांनी डोकं भादरलं होतं. आमच्या नात्यातल्या कुणीही भादरलं नव्हतं. चुलतभाऊ विमानानं येऊन विमानानं गेला. काका जेवले, मागच्या व्हरांड्यात जाऊन यंत्राजवळ थोडा वेळ बसले. एप्रिलच्या पहिल्या रविवारीही आले. यंत्र लावलं नाही. मी पोहे केले, त्यांनी खाल्ले, बशी स्वतः विसळून ठेवली आणि गेले.

त्याच सुमाराला मी बाबांचं कपाट आवरायला घेतलं. यंत्राची एक वही निघाली. मला ती माहीत होती, पण उघडून बघितली नव्हती. दर महिन्याची एक ओळ. तारीख, पाणी किती गरम, किती वेळ चालवलं, आणि शेवटी दोन शब्द, गळती नाही. पानांमागून पानं गळती नाही. डॉक्टरनं सगळं ठीक आहे म्हणावं आणि पेशंट निराश व्हावा, असं ते सगळं वाचताना वाटत होतं. मला हसू येत होतं.

मग दोन हजार चार सालातली एक नोंद आली. ती तीन ओळींची होती.

'आज देवराम येण्याआधी सील एका ठिकाणी अर्धा सूत कापून बसवले. तरी गळले नाही. पुढच्या वेळी एक सूत कापणे. एकदा सीलमधून गळताना त्याने डोळ्यांनी पाहिले की तो जोडकाम पुन्हा धरील.'

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यानंतर अधूनमधून तशाच नोंदी होत्या. एक सूत. दोन ठिकाणी एकेक सूत. एकदा सील उलटं बसवलं होतं. पण काकांनी झाळ इतकी नितळ घासून ठेवली होती आणि पट्टी इतकी घट्ट बसत होती, की कापलेलं सीलही गळेना. शेवटची नोंद दोन मार्चची होती. मी समजत होते की दोन म्हाताऱ्यांचा रविवारचा चाळा चालला आहे. त्यातल्या एकाला वीस वर्षं फक्त दुसऱ्याला निर्दोष ठरवायचं होतं, आणि त्यासाठी तो लबाडी करत होता. ती लबाडी करायची गरज पडू नये, एवढं सांगू शकणारं माणूस त्याला पोहे वाढत होतं.

मी वही मिटली आणि दोरीवरचे कपडे काढून आणले.

*

वल्लरीचा फोन त्यानंतर आठवड्याभरानं आला. पुण्याची मुलगी, तिशीची, डिझाइन शिकलेली. शहराच्या कडेला सांगानेरला, कागद बनवण्याच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये घरगुती यंत्रांचं लहानसं संग्रहालय उभं करत होती. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी बाबांच्या श्रद्धांजलीबरोबर यंत्राचा जुना फोटो टाकला होता. तिच्याकडे भांडी धुण्याची चार जुनी यंत्रं होती, एक हातानं फिरवायचं, बाकी विजेची, सगळी परदेशी. इथलं, इथल्या भांड्यांसाठी बनवलेलं, एकही नव्हतं. "गौतमीताई, मतलब, हे असं काही असेल याची मला कल्पनाच नव्हती," ती म्हणाली. तिलाही जयपूर लागायला सुरुवात झाली होती.

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, साहेबांना आवडलं असतं. आणि न्यायच्या दिवशी आपण येतो म्हणाले.

मेमधला पहिला रविवार होता. काका सकाळी सातलाच आले आणि चिंच-मिठानं यंत्र घासायला बसले. मी मदत करू का विचारलं तर हातानंच नको म्हणाले. नऊपर्यंत तांबं असं निघालं की व्हरांड्याच्या छतावर त्याची लाल झाक पडली. वल्लरी दोन हमाल आणि टेंपो घेऊन आली. तिनं आधी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग तारेच्या गुंडाळीत हात घालून ती वाट्यांसाठी आहे हे स्वतःच ओळखलं. काका खूश झाले. एकदा लावून दाखवतो म्हणाले.

सकाळची भांडी आत गेली. बटण मी दाबलं. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. यंत्र गुरगुरलं, पाणी फिरलं, खालच्या नळीतून बाहेर गेलं. वल्लरी मोबाइलवर चित्रण करत होती. गळ्यावर एक थेंब नव्हता.

"एकदम परफेक्ट," ती म्हणाली.

"आज," काका म्हणाले.

यंत्र थांबल्यावर तिनं पिशवीतून कागद काढला. यंत्राशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर होता तो. दुसऱ्या दिवशी कोरायला जाणार होता. नाव, साल, धातू हे तिनं भरलं. मग निर्मिती या शब्दापुढे पेन टेकवून ती काकांना म्हणाली, तुमचं पूर्ण नाव सांगा.

"जयंत माटेसाहेब," काका म्हणाले. "बस."

"ते तर लिहितेच. तुमचं?"

"माझं नको."

वल्लरीनं समजावून बघितलं. पितळी पाटी होणार, दोघांनी मिळून बनवलं हे सगळ्यांना माहीत आहे, एकाचंच नाव टाकणं चूक होईल. काका ऐकत होते, मान हलवत होते, आणि तिचं संपल्यावर म्हणाले, "बेटा, लोक विचारतील, एवढं चांगलं यंत्र, मग बाजारात का नाही आलं? तेव्हा तुला माझ्या नावाकडे बोट दाखवून सांगावं लागेल. त्यापेक्षा नकोच. साहेबांचं नाव साफ राहू दे."

वल्लरीनं माझ्याकडे बघितलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मग ती काकांना म्हणाली, ठीक आहे, जशी तुमची इच्छा. तिनं बाबांचं नाव लिहिलं आणि पुढे पूर्णविरामाचा ठिपका द्यायला पेन टेकवलं.

"काका, झाळ कच्ची नव्हती," मी म्हणाले.

मला वाटलं, मी पुरेशा मोठ्यानं बोलले. काका यंत्राच्या पट्टीवरून फडकं फिरवत होते, ते फिरवतच राहिले. मग त्यांना वल्लरीचं थांबलेलं पेन दिसलं, माझं तोंड दिसलं, आणि त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला.

"काय म्हणालात, बाईसा? जरा मोठ्यानं."

मी ट्रे खाली ठेवला. दोरखंड घेऊन उभे असलेले हमालही थांबले होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी चाललं आहे हे कळत होतं. मी काकांच्या अगदी जवळ गेले आणि बाबा त्यांच्याशी बोलत तितक्या मोठ्यानं बोलले.

"तुमची झाळ पक्की होती, काका. बाबांचं सीलही पक्कं होतं. पाहुणे आले त्या दिवशी खालच्या नळीत मी कणीक कोंबली होती. लाटण्यानं. चुकून नाही, मुद्दाम. आपण सगळे फरिदाबादला जाणार होतो आणि मला जायचं नव्हतं. तुमचं काम सुटलं ते माझ्यामुळे, आणि ते मला माहीत होतं. बाबांना मी सांगायला हवं होतं. तुम्हाला तर त्यांच्याही आधी."